इटलीवालीचा मिस्त्री

मोहाडीत माझं घर राईस मिलच्या पाठीला पाठ लावून आहे. घर दाखवायला दलालानं मला मुद्दाम रविवारी आणलं होतं. "शांत एरिया आहे गुरुजी," म्हणाला. सोमवारी सकाळी आठाच्या ठोक्याला भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं तेव्हा त्याच्या शांततेचा उलगडा झाला. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचो. घरी पेपर तपासायला बसलो की टेबल थरथरायचं, टेबलाबरोबर मी, आणि पोरांच्या चुका जास्तच वाकड्या दिसायच्या. आठवडाभर सोसलं. मग एका दुपारी तावातावानं मिलमध्ये शिरलो. अर्ज करीन, तहसीलीत जाईन, वगैरे वाक्यं तोंडात तयार ठेवली होती.

आत एक लुकडा माणूस उभा होता. केसांपासून पायांपर्यंत कोंड्यानं माखलेला. एका लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्यानं मशीनला टेकवलं होतं, मूठ कानाला लावली होती आणि डोळे मिटून घेतले होते. मी तोंड उघडलं तसं त्यानं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. वर्गात मी पोरांना जे करतो ते या गड्यानं मला केलं! आणि गंमत म्हणजे मी गप्प राहिलो. मिनिटभरानं त्यानं डोळे उघडले, ग्रीसचा डबा उचलला, कुठंतरी बोटभर ग्रीस भरलं आणि मग माझ्याकडं वळला.

"बोला जी गुरुजी."

"तुमच्या मिलचा आवाज फार होतो."

"मिलचा आवाज बेस हाये. खराब आवाज तुमच्या घरून येऊन राहिला. मिल बंद झाली का ऐकतो मी रोज. उजवीकळच्या खोलीतला पंखा हाये ना, त्याचा नट ढिला झाला. पडन एखांद्या दिवशी डोक्यावर."

घरी येऊन स्टुलावर चढलो. नट अर्धा बाहेर आला होता आणि पंख्याखाली माझी खुर्ची होती. संध्याकाळी तो स्वतःच पाना घेऊन आला, नट आवळला, चहा प्याला आणि गेला. तक्रारीचं राहूनच गेलं. देवराम मिस्त्रीची नि माझी ओळख ही अशी झाली, आणि पुढं बरीच वर्षं टिकली. ती माझ्यामुळंच बिघडली हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मनावरचं ओझं थोडं तरी उतरेल.

देवराम बपेऱ्याचा. घरी थोडी धानाची शेती होती, ती भाऊ पाहायचा. हा पोरवयात तुमसरच्या एका मिलमध्ये लागला आणि तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकला. शाळा चौथीपर्यंत. सही मात्र अशी करायचा की बघत राहावं: एकेक अक्षर सुटं, आणि शेवटी खाली एक सरळ रेघ. पट्टी न लावता. रेघ कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "उस्ताद सांगे, काम झालं का खाली रेघ मार. मंग त्याच्यात कोणी काई घुसवत नाही."

धानाचा दाणा तो दातानं फोडून बघायचा. दाढेखाली कट्ट वाजलं तर वाळलेलं, नाही वाजलं तर "अजून एक ऊन दाखवा, मंग आना," म्हणून गाडीच परत पाठवायचा. मग ती कोणाची का असेना. तुटका तांदूळ म्हणजे कनकी. ती जास्त निघाली की त्याचा चेहरा पडायचा. "कनकी म्हंजे मिस्त्रीची लाज जी," म्हणायचा. माझ्या मुलीच्या लग्नात, लाखांदूरला, भरल्या पंगतीत हा पानावरचा भात बोटानं चाळत बसला. वाढपी भाजी घेऊन समोर उभा, आणि हा विचारतोय, "तांदूळ कोन्या मिलचा?" नंतर मांडवामागं जाऊन पोत्यात हात घालून आला तेव्हा कुठं जेवला. व्याही मला हळूच म्हणाले, "हे पाहुणे अन्न निरीक्षक आहेत का?"

त्याची बायको कौशल्यावहिनी मोठी बोलकी. मिलच्याच आवारातल्या खोलीत दोघं राहायची. ती म्हणायची, "मशीनले ताप आला का यायले भिंतीपलीकून समजते गुरुजी. मले ताप आला त तोंडानं सांगा लागते, अन् तवा बी म्हन्ते, आवाज त बराबर हाये तुया!" देवराम यावर फक्त मिशीत हसायचा.

पण त्याची जी गोष्ट सगळ्या मोहाडीला माहीत होती ती वेगळीच. मशीनचा आवाज बिघडला की देवराम कोणालाही न विचारता लाल बटण दाबायचा. कोणालाही म्हणजे शेठलाही. एकदा ऐन हंगामात बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, शेठजी कोण्या बड्या पाहुण्यांना मिल दाखवत फिरताहेत, आणि यानं मिल बंद केली. एकदम सगळं ठप्प. शेठजींचा चेहरा लालबुंद झाला. गलका ऐकून मीही भिंतीवरून डोकावलो होतो.

"देवराम! कोणाले विचारून बंद केली?"

"मशीनले विचारून," देवराम म्हणाला. "तिनं सांगतलं, मी केली."

"अन् मी कोण आहो इथं?"

"तुमी मालक. पन मशीन पयले, मालक मंग."

उघडून पाहिलं तर मुख्य शाफ्टला केसाएवढी चीर गेली होती. अजून तासभर चालली असती तर शाफ्ट तुटून जवळच्या माणसाला लागला असता. शेठजी पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. पण त्या दिवसापासून ते बटण देवरामचं झालं. मिलमध्ये त्याला हात लावायचा हक्क फक्त त्याचा. मी मास्तर माणूस, मला या गोष्टीचा फार हेवा वाटायचा. माझ्या शाळेत साधी घंटा वाजवायची तरी हेडमास्तरांची परवानगी लागायची.

मग एक वर्षी शेठजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या मिलमधून एक जुनी पॉलिशची मशीन आणली. इटलीत बनलेली. हिरवी, जाडजूड, अंगावर पितळी पट्टी आणि पट्टीवर परदेशी अक्षरं. कोणाला चालवता येईना. देवराम पाच दिवस तिच्याजवळ बसून राहिला. एकेक भाग सोडवायचा, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायचा आणि खाली ओळीनं मांडायचा. सहाव्या दिवशी ती सुरू झाली, आणि तांदूळ असा निघाला की मूठभर घेऊन देवराम धावत माझ्या दारात. "पाहा गुरुजी! एक दाना तुटला नाही! इटलीवाली हाये, इटलीवाली!"

तेव्हापासून तिचं नावच इटलीवाली पडलं. पट्टीवरची अक्षरं त्यानं माझ्याकडून वाचून घेतली, गावाचं नाव पाठ केलं. "तिकळे बी धान होते का जी?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, होते, इटलीच्या उत्तरेला भरपूर होते. तो थक्क झाला. गोऱ्या लोकांच्या देशात चिखल असतो, बांध घातलेल्या वावरांत, बांध्यांत, पाणी भरतात, हे त्याला काही केल्या पटेना. मी फोनवर फोटो शोधून दाखवला. पाण्यानं भरलेल्या बांध्या, दूरवर डोंगर. तो कितीतरी वेळ बघत राहिला. "आपल्या बपेऱ्यासारखंच हाये ना बाप्पा," म्हणाला.

त्यानंतर माणसाला ध्यासच लागला. इटलीवालीच्या माहेरी जायचं. तिथं तिच्या नव्या बहिणी असतील, त्या एकही दाणा न तोडता कशा चालतात ते बघायचं, आणि एकदा तरी त्यांच्यापैकी एकीसमोर मिस्त्री म्हणून उभं राहायचं. लोक हसले. कौशल्यावहिनी म्हणाली, "सवत हाये ते माई. माहेर पाहाले चालले तिचं." पण दोन-तीन वर्षांनी खरंच वाट निघाली. नागपूरचा एक एजंट हंगामी कामासाठी माणसं इटलीला पाठवत होता. त्याच्या यादीत इटलीवालीच्या गावाकडची एक राईस मिलही होती.

देवराम फॉर्म घेऊन माझ्याकडं आला. माझ्या ओसरीवर आम्ही बसलो. मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, मशीन ऑपरेटर म्हणून जायचं तर सर्टिफिकेट पाहिजे, इथल्या कामाचे दाखले पाहिजेत, त्यांचं भाषांतर, मग तिथल्या ऑफिसची मान्यता; वर्ष जाईल, दोन जातील, आणि होईलच असं नाही. हेल्पर म्हणून तीन महिन्यांत काम होतं.

देवराम माझ्या तोंडाकडं बघत होता. "गुरुजी, तुमी सांगा. का लिवाचं?"

त्या क्षणी मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "लिहू हेल्पर. एकदा आत शिरलास की पाहतील ना तुझं काम. हातातला गुण झाकून राहतो काय? महिन्याभरात मशीनवर घेतात की नाही बघ."

माझं उभं आयुष्य गेलं मोहाडीत. परदेश म्हणाल तर मी मध्य प्रदेशातल्या शिवनीपलीकडं गेलेलो नाही. पण इंग्रजी येतं म्हणून जगाचं सगळं कळतं, हा माझा मास्तरी तोरा. हेल्परच्या फॉर्मवर तीस वर्षांच्या अनुभवाचा मिस्त्री विचित्र दिसेल म्हणून मी अनुभवाच्या रकान्यात शेतीकाम आणि पोती उचलणे असं लिहून टाकलं. शेठजींकडून दाखला घ्यायची गोष्टही काढली नाही. देवरामनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं का लिवलं जी?"

मी वाचून दाखवलं. त्यानं बोट त्या ओळीवरून शेवटपर्यंत फिरवलं. मग हसला. "तीस वर्साचा मिस्त्री एका ओळीत हमाल झाला ना गुरुजी!"

"अरे, कागदापुरतं रे."

"कागदापुरतंच," तो म्हणाला, सही केली आणि खाली सरळ रेघ मारली. तेव्हा मलाही हसू आलं. आता ती रेघ आठवली की हसू येत नाही.

तो गेला. रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, आणि सुरुवातीचे फोन काय मजेचे असायचे! "गुरुजी, येवढाल्या बांध्या, अन् एक मानूस दिसंन त शपथ! रोवणी नाही, गाणी नाही, मशीनच धान फेकत जाते." "गुरुजी, भात शिजोवतेत का गोळा करतेत, काई समजत नाही. ढवळून ढवळून लेकाचा पार लगदा करून टाकतेत, अन् वरून म्हन्तेत लय भारी झाला." धुक्याचं नवल, बेडकांचं नवल. एकदा म्हणाला, "बेडकं मातर आपल्याच बोलीत ओरडतेत जी." इटलीवालीच्या बहिणीही भेटल्या म्हणाला. सहा जणी एका रांगेत, काचेमागं, आणि त्यांच्यासमोर कम्प्युटर.

"मग? चालवलीस की नाही?"

"नाही जी. मी झाडू मारतो, तांदळाचे बोरे उचलतो. मशीनवर मार्को राहते. मानूस चांगला हाये."

मार्को तिथलाच, त्याच गावचा. शाळेत मशीनचा कोर्स केलेला, पर्मनंट. देवरामला पाहिलं की हात वर करायचा, रोज कॉफी पाजायचा. देवरामनं त्याच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाला, "गुरुजी, इथं बोरे उचलनारे सगळे बाहेरचे. एक मोरोक्कोचा हाये, तो तिकळे वायरमन व्हता. एक बांगलादेशचा, तो तुमच्यासारखा मास्तर. मी मिस्त्री. पन बोरा पाठीवर घेतला का सगळ्यायची पाठ सारखीच दिसते. अन् काम कमी झालं का 'उद्या येऊ नका' आमालेच सांगतेत पयले. मार्कोले नाही सांगत."

मी म्हणालो, "थोडा धीर धर. दिसेल त्यांना." दर रविवारी मी हेच म्हणायचो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या हंगामात एक दिवस त्यानं फोनवर नुसता आवाज पाठवला. अर्धा मिनिट मशीनची घरघर. पाठोपाठ त्याचा फोन. "ऐकलं का जी?"

"ऐकलं. मला काही कळलं नाही."

"तिसऱ्या मशीनचं मागचं बेअरिंग. आठ दिवसाच्या वर नाही जात ते. मार्कोले सांगतलं. एक पंजाबी हाये, बलविंदर, गाईच्या गोठ्यात काम करते, त्याले चांगली बोली येते तिकळची. त्याच्या तोंडून बी सांगतलं. मार्को हासला. खांद्यावर हात ठेवला. म्हणे कम्प्युटरमंदी काई दिसून नाही राहिलं."

"मग सांगितलंस ना, झालं तुझं काम."

"माझं काम कसं झालं जी? बेअरिंग त तिथंच हाये."

पुढचे दिवस तो झाडू मारता मारता त्या मशीनपाशीच घोटाळत राहिला असणार. मला ते डोळ्यांसमोर दिसतं. पेचकस त्याच्याजवळ नव्हता, हेल्परला हत्यार देत नाहीत. म्हणून तो झाडूचा दांडा मशीनला टेकवून कान लावायचा. तिथले लोक बघून हसायचे, त्यानंच सांगितलं. सातव्या दिवशी, भर दुपारी, मार्को जेवायला गेला असताना देवरामनं दांडा कानाला लावला आणि मग चार पावलं चालत जाऊन लाल बटण दाबलं.

बपेऱ्याच्या, मोहाडीच्या, तुमसरच्या कुठल्याही मिस्त्रीनं हेच केलं असतं. विचारायला थांबला असता तर त्याला मिस्त्री कोण म्हणालं असतं? पण तिथं सहाच्या सहा मशीन्स एकदम थांबल्या. लोक धावत आले, मॅनेजर बाई आल्या. "कोणी दाबलं?" तर यानं हात वर केला. त्याला वाटलं होतं, आता उघडतील, बघतील आणि विचारतील, तुला कसं कळलं रे? उघडलं. बेअरिंग जळून काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन नवं बसवून गेला. आणि देवरामच्या हातात एक पत्र पडलं. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला.

मी ते पत्र फोनवर भाषांतर करून, तीन वेळा वाचून, मग त्याला फोन लावला. नेमून दिलेल्या कामाबाहेर जाऊन यंत्राला हात लावल्याबद्दल ही लेखी ताकीद. सदर कामगाराची नेमणूक हेल्पर म्हणून असून यंत्र हाताळण्याचा कोणताही अनुभव त्याच्या अर्जात नमूद नाही. पुन्हा असं घडल्यास काम थांबवण्यात येईल.

"अर्जात नाही म्हन्ते?" त्यानं विचारलं.

"नाही म्हणते."

"अन् बेअरिंगचं का लिवलं?"

"बेअरिंगचं काही लिहिलेलं नाही रे."

"जळलेलं व्हतं ना जी."

"होतं."

"मंग लिवाले पायजे व्हतं," तो म्हणाला. अर्जात काय नमूद आहे आणि काय नाही, हे माझ्याच पेनातून उतरलं होतं. इंग्रजीच्या मास्तरानं आयुष्यात एकच कागद असा लिहिला जो कोणीतरी खरोखर लक्ष देऊन वाचला, आणि तो खोटा होता.

मॅनेजर बाई काही दुष्ट नव्हत्या. बलविंदरला मध्ये घालून देवरामशी बोलल्या म्हणे. म्हणाल्या, तुझं बरोबर होतं, पण ते तुझं काम नव्हतं. त्यानं विचारलं, मग मला मार्कोचा कोर्स करता येईल का? त्या म्हणाल्या, तुझे कागद हंगामी हेल्परचे आहेत, त्यांच्यावर तो होत नाही. हंगाम संपला. मार्कोनं निघताना त्याला मिठी मारली आणि तांदळाची एक पिशवी दिली. तो तांदूळ देवरामनं मला आणून दाखवला. जाडा, गोल, चकचकीत. "एक बी तुटला नाही, पाहा," म्हणाला. पण मूठ घेऊन धावत आला नव्हता. पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीच्या काठावर बसला होता.

शेठजींनी त्याला लगेच परत कामावर घेतलं. घेणारच, दोन हंगामांत कनकीनं त्यांना रडवलं होतं. आम्हाला वाटलं, चला, गडी आपल्या जागी आला. पेचकस पुन्हा कानाला लागला. वहिनी म्हणाली, "भटकून आले अन् सुदरले. आता मले बी इचारतेत, चहा घेऊ का म्हणून!" मी हसलो. तिचं बोलणं नीट ऐकायला हवं होतं.

नवं धान यायला लागलं होतं. सकाळी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. मिल सुरू झाली, आणि थोड्या वेळानं तिच्या आवाजात काहीतरी खरखरायला लागलं. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावं इतकं. मी मनात म्हणालो, आता बंद होईल. पेपर वाचून झाला, चहा झाला, अंघोळ झाली, मिल चालूच. खरखर वाढत चाललेली. शेवटी उठलो, चपला घातल्या आणि गेलो.

देवराम लाल बटणाच्या शेजारी उभा होता. हातभर अंतरावर. दोन्ही हात पाठीमागं, एका हातात पेचकस. समोर इटलीवाली थरथरत होती आणि तिच्या बुडाशी तुटक्या तांदळाचा ढीग साचत होता.

"बेअरिंग गेलं ना रे?" मी ओरडलो.

"गेलं जी. सकाळपासून गेलं."

"मग बंद कर ना! काय पाहून राहिलास?"

"शेठले फोन केला. उचलून नाही राहिले. येतीन आता."

"अरे, शेठ कायले पाहिजे? हे बटण तुझं आहे देवराम!"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कोणाशी बोलतोय. "विचाराले पायजे ना जी," म्हणाला.

मला राहवलं नाही. मीच हात पुढं केला. त्यानं चटकन माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. "तुमी नका गुरुजी. तुमचं काम नोहे ते."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. थोड्या वेळानं इटलीवालीतून धूर निघाला, कडकन आवाज झाला आणि ती आपली आपणच थांबली. मिल इतकी शांत झाली की बाहेरच्या ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं ऐकू येत होतं. देवरामनं माझं मनगट सोडलं, खाली बसला आणि ढिगातली कनकी मुठीत घेऊन पाहत राहिला. शेठजी आल्यावर त्याला काही बोलले नाहीत. तेच वाईट झालं. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर कदाचित त्याची जीभ सुटली असती, मशीन पयले, मालक मंग.

महिनाभरानं मोहाडीच्या बसस्टँडवर तो दिसला. सोबत मोठी बॅग, वहिनी डोळे पुसत उभी. परत चालला होता, इटलीला, त्याच मिलमध्ये. मला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या ओसरीवर फॉर्म आला नव्हता.

"अरे, मला का नाही सांगितलंस? या वेळी आपण नीट लिहिलं असतं. शेठजींचा दाखला, सगळा अनुभव. मी स्वतः नागपूरला गेलो असतो." मी भडाभडा बोलत होतो, आणि माझं मलाच ऐकवत नव्हतं. "माझी चूक झाली रे देवराम. मी तुझं नाव खराब केलं त्या कागदावर."

"नाही जी, तुमी काहून मनाले लावून घेता? तुमी भल्यासाठीच लिवलं." तो खरंच मनापासून बोलला, आणि त्यामुळं मला जास्तच मेल्यासारखं झालं. "इथं सगळे मले मिस्त्री म्हन्तेत अन् माझा हात उठत नाही. तिकळे हेल्परच म्हन्तेत. तिकळे बरं पडते."

गाडी आली. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात घेतली. बॅग वर चढवून देवराम दारात उभा राहिला, मग काहीतरी आठवल्यासारखा फोन काढून माझ्यासमोर धरला. फॉर्मचा फोटो होता.

"तुमाले तरास नाही देल्ला या वेळी. एकच शब्द त लिवाचा व्हता. शिकलो मी तो."

इंग्रजीत लिहिलं होतं, हेल्पर. एकेक अक्षर सुटं, वळणदार, एकही चूक नाही. आणि त्याच्या खाली, पट्टी न लावता, एक सरळ रेघ.